एक दाता कमी, एक दाता जास्त

सेलू तालुक्यातल्या आमच्या वावराकडे जाणारी पांदण डांबरी रस्त्यापासून जेमतेम पाऊण किलोमीटर लांब आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक असते आणि जुलैत तिच्यावरून चपला हातात घेऊन चालावं लागतं. बाबांची जुनी हिरो होंडा, चार गिअरची, १०० सीसी म्हणवणारी, दरवर्षी याच पांदणीवर हरायची. मागे युरियाची ४५ किलोची बॅग, हँडलला फवारणीच्या औषधाची पिशवी. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचं, दुसरा टाकला की धडधडून बंद पडायचं. मग बाबा अर्धा क्लच दाबून गाडी रेटायचे आणि वावरात पोचेपर्यंत क्लचप्लेटा जळल्याचा वास यायचा.

बाजाराच्या दिवशी एका मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं किक मारली, आवाज ऐकला, मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, इंजिनाले काही झालं नाही. पुढचा एक दाता कमी टाका, मंग पाहा."

त्या वाक्याचा पुरता अर्थ मला कळायला दोन पावसाळे गेले. मधल्या काळात मी एक चूकही केली, तिच्याबद्दल पुढे सांगेन. आपल्या वर्धा जिल्ह्यात अशा गाड्या गावोगाव आहेत. पासिंग पुन्हा करून, रबर बदलून, टाकीला रंग मारून लोकांनी त्या जपल्या आहेत. त्यांच्यासाठी हा हिशेब सावकाश मांडतो.

वर्ध्याच्या माणसाला ही गोष्ट समजवायला एक सोय आहे, चरखा. मगनवाडीतलं मगन संग्रहालय १९३८ साली सुरू झालं. तिथे किंवा सेवाग्रामला चरखा फिरताना पाहिला नाही असा शाळकरी पोरगा आपल्याकडे विरळा. मोठं चाक हातानं एकदा फिरवलं की माळेनं जोडलेली बारीक चाती कितीतरी वेळा फिरते. पेटीचरख्यात तर दोन चाकं असतात. पेटीत मावेल एवढं एकच चाक चातीला पुरेसे फेरे देऊ शकत नाही, म्हणून पहिलं चाक दुसऱ्याच्या छोट्या कप्पीला फिरवतं आणि दुसरं चातीला. फेरे दोन टप्प्यांत वाढतात. बदल्यात चातीवरचा जोर इतका कमी होतो की दोन बोटांच्या चिमटीत ती थांबते. सुताला तेवढाच जोर पुरतो.

मोटारसायकल हाच व्यवहार उलट करते. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे मारतं, पण प्रत्येक फेऱ्यातला जोर थोडका. चाकाला फेरे कमी हवेत आणि जोर भरपूर. म्हणून फेरे तीन टप्प्यांत घटवले जातात. इंजिनाकडून क्लचकडे येताना पहिल्यांदा, गिअरबॉक्समध्ये दुसऱ्यांदा आणि शेवटी चेनवर, पुढच्या लहान स्प्रॉकेटकडून मागच्या मोठ्या स्प्रॉकेटकडे जाताना. पहिले दोन टप्पे इंजिनाच्या पेटीत तेलात बुडालेले आहेत. तिथे आपला हात पोचत नाही. तिसरा बाहेर आहे. नेहमीचे पाने, एक पक्कड आणि अर्धा तास असला की तो बदलता येतो, आणि मिस्त्री बोलत होता तो याच टप्प्याबद्दल.

एक गोष्ट इथेच पक्की करून घेऊ. स्प्रॉकेट बदलल्यानं गाडीत नवी ताकद येत नाही. वेग देऊन जोर घ्यायचा किंवा जोर देऊन वेग घ्यायचा, एवढंच हातात असतं. "दाता बदलला नि गाडी पळायला लागली" असं कुणी सांगितलं, तर गाडी आधी चुकीच्या गिअरात हाकली जात होती, किंवा जुनी झिजलेली चेन त्याच दिवशी नवी झाली होती.

आता आपल्या गाडीचा हिशेब काढू. हिरो आणि होंडा यांची भागीदारी १९८४ सालची, सीडी १०० आली १९८५ ला आणि स्प्लेंडर १९९४ ला. दोन्हींत पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि धाव ४९.५ मिलिमीटर, म्हणजे ९७.२ सीसी. इंजिन एकाच घराण्याचं असलं तरी दात्यांचे आकडे मॉडेलनुसार आणि आधीच्या मालकाच्या मर्जीनुसार बदललेले असतात. म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका. चेनकव्हर उघडा आणि दाते मोजा. मोजताना एका दात्याला खडूची खूण करा, नाहीतर मागचे चाळीस-बेचाळीस मोजताना हमखास चुकतं. बहुतेक स्प्रॉकेटवर आकडा कोरलेलाही असतो, मातीखाली झाकलेला.

उदाहरणासाठी पुढे १४ आणि मागे ४२ धरू, भागाकार सोपा जातो. ४२ भागिले १४ म्हणजे ३. पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरलं की चाक एकदा फिरतं.

तिन्ही टप्प्यांचा मिळून आकडा घरी काढायची एक जुनी रीत मला फार आवडते. गाडी मेन स्टँडवर घ्या, इग्निशन बंद करा आणि प्लग काढून टाका, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा राहत नाही. गाडी टॉपला टाका. डाव्या कव्हरवरचं गोल झाकण उघडलं की मॅग्नेटच्या मधला बोल्ट दिसतो; टॅपेट करताना मिस्त्री तो टी-पान्यानं फिरवतो. आता मागचं चाक पुढच्या दिशेनं बरोबर एक फेरा फिरवा आणि दुसऱ्यानं तो बोल्ट किती वेळा फिरला ते मोजावं. आमच्या गाडीचं उत्तर साडेअकरा ते बाराच्या मधे आलं. हिशेबाला ११.५ धरतो. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेअकरा फेरे.

मग चाकाचा घेर. टायरवर खडूची रेघ ओढा, माणूस बसवा, हवा बरोबर असू द्या आणि गाडी एक फेरा पुढे ढकलून जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा. २.७५-१८ चा टायर असेल तर ते १.८७ मीटरच्या आसपास भरतं. या दोन आकड्यांवर बाकी सगळं निघतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, त्याला १.८७ नं भागलं की चाकाचे ५३५ फेरे; त्याला ११.५ नं गुणलं की इंजिनाचे साधारण ६१५०. ताशी ४० ला तेच ४१०० येतात.

आता पुढचं स्प्रॉकेट १३ चं टाका. १४ भागिले १३ म्हणजे १.०७७. सगळे आकडे पावणेआठ टक्क्यांनी वर जातात. ६० ला इंजिन ६६०० च्या पुढे, ४० ला ४४०० वर. चाकावरचा जोर तेवढाच टक्का वाढला, इंजिनाचा आवाजही वाढला. याच्या उलट १५ दात्यांचं टाकलं तर इंजिनाचे फेरे पावणेसात टक्क्यांनी घटतात, सपाट रस्त्यावर गाडी शांत पळते आणि चढाला लवकर दम टाकते. मागच्या स्प्रॉकेटवर एक दाता वाढवला तर फरक जेमतेम अडीच टक्के पडतो. पुढचा एक दाता आणि मागचे तीन, हा साधारण समान व्यवहार आहे.

हे टक्के रस्त्यावर कसे लागतात ते पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. गाडीचं वजन ११० किलो, चालवणारा ६५, बॅग ४५, एकूण २२०. तळेगाव श्यामजीपंतजवळच्या सत्याग्रही घाटात चढता आहात आणि चढ दहाला एक आहे असं समजा. नुसत्या चढासाठी चाकाला २२ किलोचा रेटा हवा. टायर रस्त्यावर लोळण्यात तीन-चार किलो जातात, ४० च्या वेगाला समोरची हवा चार-साडेचार किलो घेते. मिळून तीस किलो. एवढ्याशा इंजिनाचा टॉर्क पाऊण ते ०.८ किलोग्रॅम-मीटर, तो ११.५ पट होऊन, वाटेत दहा टक्के घर्षणात गमावून आणि चाकाच्या त्रिज्येनं भागला जाऊन, टॉप गिअरमध्ये चाकाशी सत्तावीसएक किलोचा रेटा देतो. कमी पडतो. १३ चं स्प्रॉकेट टाकलं तरी एकोणतीस-तीसच्या आतबाहेर, म्हणजे गाडी कुथतच चढेल. आणि तिसरा गिअर टाकला तर? तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर अशा गाड्यांत पंचवीस-तीस टक्क्यांचं असतं. रेटा पस्तीसच्या घरात जातो आणि गाडी निवांत चढते.

हेच मला सगळ्यात आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. स्प्रॉकेटचा एक दाता पावणेआठ टक्के देतो. डाव्या पायाचा एक गिअर त्याच्या तिपटीहून जास्त देतो आणि फुकट देतो. बाबांच्या पिढीला पेट्रोल वाचवायचं म्हणून लवकर टॉप टाकायची सवय लागली आहे. वीस-पंचवीसच्या वेगाला चौथा, मागे दोन माणसं, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला. इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनवर आणि बेअरिंगवर मार बसतो, आणि पेट्रोलही वाचत नाही. आधी महिनाभर योग्य गिअरात गाडी चालवून पाहावी. त्यानंतरही तक्रार राहिली तर दात्यांकडे वळावं.

आणि त्याच्याही आधी हरवलेली ताकद शोधावी. जुन्या गाडीत इंजिनापासून चाकापर्यंतच्या वाटेवर ती झिरपत असते. गाडी मेन स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं जोरात फिरवा. दोन-तीन फेरे फिरून थांबायला हवं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक चिकटतो आहे. पावसाळ्यात ड्रममध्ये शिरलेली काळी माती वाळून बसते, ब्रेकचा कॅम जाम होतो आणि पाय काढला तरी लायनर घासत राहतं. टायरात हवा कमी असेल तर तिथेही जोर जातो. गावात हवेचा पंप लांब असल्यानं ही गोष्ट महिनोन्‌महिने राहून जाते. क्लचची केबल इतकी ताठ नको की दांडीला सुरुवातीची ढिलाई उरणारच नाही. तशी असली तर क्लच थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा घसरतात, इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. आमच्या गाडीत नेमकं हे होतं.

एअर फिल्टर आपल्याकडे दोन वेळा मरतो, वैशाखातल्या धुळीत आणि कापूस वेचणीत, जेव्हा कापसाच्या गाडीमागे चालताना रुई हवेत तरंगत असते. टॅपेट सैल असले तर टिकटिक ऐकू येते आणि लोक ते घट्ट करायला धावतात. घट्ट झालेले टॅपेट मात्र मुकाट्यानं व्हॉल्व जाळतात. त्यामुळे टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर, फिलर गेजनं, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच ठेवून घ्यावा, "आवाज बंद करून द्या" असं मिस्त्रीला सांगू नये. आणि किक मारताना पायाला अडथळाच लागत नसेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. तिथे कितीही दाते बदलले तरी उपयोग नाही. आधी इंजिनाचं काम.

चेनवर मात्र जरा जास्त थांबायला हवं, कारण माझी चूक तिथलीच. या गाड्यांची चेन पत्र्याच्या बंद कव्हरात असते. त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते आणि त्यामुळेच वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. मी मिस्त्रीचं ऐकून १३ चं नवं स्प्रॉकेट आणलं आणि जुन्याच चेनवर चढवलं. चार-पाच दिवस गाडी छान ओढली. नंतर एका संध्याकाळी केळझरच्या रस्त्यावर मागे बहिणीला बसवून चढ चढताना चेननं दाता सोडला, पुन्हा सोडला, आणि कटकट आवाज करत उतरूनच गेली. मागून ट्रक येत होता. काही झालं नाही, पण बहिणीचा चेहरा मला अजून आठवतो.

कारण साधं होतं. चेन ताणली जाते म्हणतात, पण लोखंड लांबत नाही. प्रत्येक पिनेचं भोक कणाकणानं मोठं होतं आणि शंभरावर जोडांची ती झीज बेरीज होऊन चेन लांब होते. मग तिच्या दोन पिनांतलं अंतर नव्या स्प्रॉकेटच्या दात्यांशी जुळत नाही आणि रोलर दात्याच्या माथ्यावर चढून बसतो. १३ दात्यांवर चेन १४ पेक्षा थोडी जास्त वाकते आणि ओढ धरायला दाते कमी मिळतात, म्हणून तिथे ती आधी निसटते. झीज मोजायची रीत सोपी आहे. या गाड्यांना लागणाऱ्या ४२८ नंबरच्या चेनीत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर असतात. चेन ताणून धरा आणि वीस घरं मोजा: नवी असेल तर २५४ मिलिमीटर. २५९ च्या जवळ पोचली असेल तर ती चेन संपली. दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे दिसत असतील तर स्प्रॉकेटही संपले. तिन्ही वस्तू एकदमच बदलाव्यात, चेनकिट म्हणून त्या एकत्र मिळतात. हव्या त्या आकड्याचं पुढचं स्प्रॉकेट वेगळं मागून घ्यावं.

मग घ्यायचं काय, पुढचं १३ की मागचं ४५? यात माझं मत असं आहे. चेनच्या तब्येतीला मागचे दाते वाढवणं जास्त चांगलं, कारण पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की चेन जास्त वाकते, लवकर झिजते. पण ४५ टाकलं की चेनला दोन घरं जास्त लागतात, बंद चेनकव्हरात मोठं स्प्रॉकेट घासत नाही ना ते पाहावं लागतं, आणि मागचं चाक काढावं लागतं. १३ ला यातलं काही नाही. तीच चेन, चाक फक्त तीन-साडेतीन मिलिमीटर मागे ओढायचं. ज्याची गाडी बारा महिने पांदणीवर आणि दुधाच्या कॅनखाली आहे, कारंजा-आर्वीकडच्या चढउताराच्या गावांत आहे, त्यानं मागचं वाढवावं. ज्याला हंगामापुरतंच हवं आहे त्याला पुढचं पुरतं. दोन्ही एकदम करू नका. १३ आणि ४५ मिळून पंधरा टक्के होतात. ६० च्या वेगाला इंजिन सात हजारांवर ओरडायला लागतं. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण तिथे दुचाकीला मज्जाव आहे. तरी जामच्या चौकातून हिंगणघाटकडे निघालात की चारपदरी रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकांसमोर पन्नासला अडकलेली गाडी धोक्याची असते. तिथे थोडा वेग हाताशी लागतोच.

प्रत्यक्ष काम असं. गाडी मेन स्टँडवर, गिअरची दांडी काढा, डाव्या बाजूचं मागचं छोटं कव्हर काढा. आत साचलेली तेलमाती डिझेलनं धुवा, मगच पुढे जा. ती माती चेनवर पडली तर नवी चेनही तासाभरात जुनी होते. मागच्या अ‍ॅक्सलचा नट सैल करून, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सोडून चाक पुढे ढकला. चेनलॉक पकडीनं काढा. पुढचं स्प्रॉकेट एका चपट्या पट्टीनं आणि दोन लहान बोल्टांनी धरलेलं असतं. बोल्ट काढून पट्टी थोडी फिरवली की ती खाचांतून बाहेर येते आणि स्प्रॉकेटही. त्यामागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर आत्ताच बदला, पुन्हा उघडायला नको. नवं स्प्रॉकेट बसवून पट्टी, बोल्ट, चेन. चेनलॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला असली पाहिजे. उलट बसली तर कशाला तरी घासून ती निघून जाऊ शकते.

नंतर ढिलाई. चेनच्या खालच्या धावेच्या मधोमध बोटानं वरखाली करून दोन ते तीन सेंटिमीटर खेळ ठेवतात. पण चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सगळ्यात ताठ जागेवर माप घ्या. दोन माणसं बसल्यावर चेन आणखी ताठते, म्हणून आपली मंडळी बसवून एकदा पाहिलेलं बरं. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या नसल्या तर चाक तिरपं चालतं आणि स्प्रॉकेटची एक बाजू चकाकायला लागते. मागचं चाक काढलंच असेल तर हबमधले रबर दाबून पाहा. ते मेलेले असले की गिअर बदलताना धक्का बसतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

आमच्याकडे शेतासाठी ३.०० चा जाड टायर टाकायची पद्धत आहे. चिखलात त्याची पकड चांगली, पण त्याचा व्यास साधारण अर्धा इंच वाढतो, घेर दोन टक्के वाढतो, म्हणजे मागचा जवळजवळ एक दाता काढून टाकल्यासारखं होतं. जाड टायर टाकल्यावर "गाडी दबली" असं वाटतं ते याच्यामुळे. आणि काळ्या मातीच्या चिखलाबद्दल एक खरं सांगतो: पहिल्या गिअरमध्ये या गाडीकडे ऐंशी किलोच्या घरातला रेटा असतो. तिथे बहुतेक वेळा आधी टायर घसरतो किंवा मडगार्डमध्ये माती भरून चाक अडतं. इंजिन त्यानंतर हरतं. १३ नं फायदा झाला तो असा की कोरड्या-ओल्याच्या सीमेवर दुसरा गिअर चालायला लागला आणि अर्धा क्लच दाबून रेटणं संपलं. क्लचप्लेटा वाचल्या, हीच माझ्या मते खरी कमाई.

बदल केल्यावर मोजमाप करावं, आणि या गाड्यांवर ते सोपं आहे. मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागचे दाते बदलले तरी किलोमीटर आणि वेग खोटे होत नाहीत. टाकी काठोकाठ भरा, वर्ध्याहून आर्वी जाऊन या, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. तीच वाट, तोच माणूस, तोच वेग, जमलं तर तीनदा. सपाट रस्त्यावर १३ नं ॲव्हरेज थोडं उतरतं, कारण त्याच अंतराला इंजिन जास्त फेरे मारतं. ओझं घेऊन चढउताराच्या वाटेवर मात्र ते उतरेलच असं नाही.

मोजताना ऋतू लक्षात ठेवावा. मे महिन्याच्या दुपारी ४६ अंशांत हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा दहा-अकरा टक्के विरळ असते. सिलिंडरमध्ये तेवढी हवा कमी, तेवढा जोर कमी. एका दात्यानं मिळवलं त्यापेक्षा जास्त ऊन काढून घेतं, म्हणून जानेवारीतल्या गाडीची मेमधल्या गाडीशी तुलना करू नये. पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, पण जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापानं हवा देतो आणि मिश्रण पातळ होतं. प्लग काढून पाहावा: बिस्किटाच्या रंगाचा असला तर ठीक, पांढराफटक असला तर मिश्रण पातळ आहे. कार्बोरेटरच्या सुईवर खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल थोडं जास्त येतं. एका वेळी एकच खाच, आणि पुन्हा प्लग पाहायचा. पेट्रोलच्या नळ्या कडक किंवा फुगलेल्या दिसल्या तर लगेच बदलाव्यात.

याच्या पुढे जाऊन बोअर मोठा करणं, सायलेन्सर पोकळ करणं, या वाटेला मी कुणाला जाऊ देणार नाही. आरसीवर जे लिहिलं आहे त्यात फेरफार करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मनाई करतं, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी पुन्हा पासिंगला न्यावीच लागते. पण माझं कारण कायद्याच्या आधीचं आहे. या इंजिनाचं पंप, बेअरिंग, क्लच हे सारं ९७ सीसीच्या मापाचं आहे. मोठा पिस्टन बसवला तर थोड्या दिवसांत यातलं काहीतरी बोलतं, आणि ते नेमकं आठवडी बाजाराहून परतताना अंधारात बोलतं.

आमच्या गाडीला आता पुढचे दोन स्प्रॉकेट आहेत, दोन्ही एकाच दिवशी नव्या चेनबरोबर घेतलेले. मृग लागला की १३ चढतं. कापूस घरात आला, पांदण वाळली, की १४. बदलायला मला चाळीस मिनिटं लागतात, बाबांना तीस. जे वापरात नसेल ते ग्रीस लावून, जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून, कोठ्यात दोरखंडाच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं असतं.